खिडकीबरोबर आलेलं दार

मंडल गुडीहत्नूर, जि. आदिलाबाद
२२ मार्च

आदरणीय भगवंतदादा,

सविनय जयभीम. आशावहिनींनाही जयभीम सांगा. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही तिकडे मंचेरियलला ठीक असाल असं धरून लिहितो, कारण विचारायची सोय राहिलेली नाही. फोन मी चार वेळा केला. चारही वेळा वहिनींनी उचलला आणि तुम्ही आंघोळीला गेल्याचं सांगितलं. त्यातला एक फोन दुपारी चारचा होता. (मार्चमध्ये माणूस दोनदा आंघोळ करू शकतो, हे मला मान्य आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? तीस वर्षं खाणीतल्या पाण्यात उभं राहून त्यांनी तुमचं ऐकलं. आता तुम्ही त्यांचं ऐकावं आणि जिन्याचा नाद सोडावा. वहिनींची साखर तपासता ना? पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय, म्हणजे सही करून घ्यावं लागेल. पोस्टमनलाही तुम्ही आंघोळीला गेल्याचं सांगता येईल. पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

सहा वर्षांनी लिहितोय. कारण विशेष काही नाही. आमच्या घराची एक खिडकी बदलली, तेवढंच कळवायचं होतं.

कोणती खिडकी, ते तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण पत्र बहुधा वहिनी मोठ्यानं वाचतील आणि तुम्ही ऐकत नसल्यासारखं ऐकाल. पूर्वेकडची, तुमच्या मोकळ्या जागेवर उघडणारी. बाबांनी वाटणी केली तेव्हा घर माझ्याकडे आलं, कारण तुम्हाला बेल्लमपल्लीला कंपनीचं क्वार्टर होतं. शेजारचा मोकळा अर्धा प्लॉट तुमच्याकडे गेला आणि मध्ये घराची भिंत राहिली. पुढे बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, तुम्ही पिशवीतून टेप काढली. भिंत तुमच्या हद्दीत आली आहे, असं तुम्ही म्हणालात. कापडी टेप ताणली की कोणतीही भिंत कुठेही जाते, असं मी म्हणालो. तुला मोजायला कोणी शिकवलं, असं तुम्ही विचारलंत. (तुम्हीच शिकवलं होतं. हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही.) तुम्ही न जेवता गेलात. मी त्याच संध्याकाळी चार-चार इंचाचे सात खिळे आणले आणि ती खिडकी आतून ठोकून बंद केली. तुमच्या जागेवरचा वारासुद्धा मला नको, असं मी पाहुण्यांसमोर बोललो होतो. वाक्य बरं जमलं होतं. एप्रिलमध्ये ते पुरलं नाही, पण बोलून बसलो होतो.

त्या खिडकीखाली द्वारकाचं शिलाई मशीन आहे. तेही तुम्हाला माहीत आहे. वहिनींचे सगळे ब्लाउज तिथंच शिवले गेले. गेली सहा वर्षं ती ट्यूबलाइटखाली शिवत होती. ट्यूब पाठीमागे, म्हणजे हाताची सावली बरोबर सुईवर. दिवाळीनंतर तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सांगितलं, शिवायचं असेल तर दिवसाच्या उजेडात शिवा. तिनं त्यांना सांगितलं नाही की आमच्या घरात दिवस सात खिळ्यांच्या पलीकडे आहे. जानेवारीत तिनं शाळेतल्या एका बाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बाई समजूतदार होत्या, पुढचं कापड मात्र त्यांनी गुडीहत्नूरच्या नव्या बुटीकमध्ये टाकलं. त्यांच्यामागे आणखी तिघी गेल्या. एके दिवशी द्वारकानं मशीनवर खोळ चढवली. छत्तीस वर्षांत त्या मशीनवर मी खोळ पाहिली नव्हती. अशी काही खोळ घरात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तीन दिवस ती तशीच होती. चौथ्या दिवशी मी जेवायला बसलो तेव्हा द्वारका शांतपणे म्हणाली, "तुमच्या दोघा भावाच्या भांडनाले मी सहा वर्षं अंधारात बसली. आता मले खिडकी पाह्यजे." एवढंच. मी भाजी पुन्हा वाढून घेतली.

खिळे काढणं सोपं असेल असा माझा समज होता. पहिले सहा निघाले. सातवा निघाला तेव्हा खिडकीही निघाली. चौकट आतून उधईनं खाल्ली होती. इतके दिवस खिळ्यांनीच तिला उभं धरलं होतं. ती आवाज न करता तुमच्या जागेत पडली. भिंतीला एक भोक राहिलं आणि त्यातून इतका उजेड आला की द्वारकाला मशीनच्या मागचा सहा वर्षांचा केर दिसला. त्याचंही खापर माझ्यावर आलं. भोकाला जुनं लुगडं बांधलं. तुमच्या जागेत गावच्या बकऱ्या बसतात (त्यांना मी सहा वर्षं हाकलतो आहे, उपकार म्हणून नाही, पण तुमच्या कानावर असावं). त्यांतल्या एकीनं लुगड्याखालून मान घातली आणि बाहीच्या मापाचे कागद खाल्ले. उजव्या बाहीचेही खाल्ले.

आता खिडकी बदलायला परवानगी कशाला लागते, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. आपल्या पंचायतीला नवीन सेक्रेटरी आली आहे. करीमनगरकडची, वय सत्तावीस-अठ्ठावीस. कागद तेलुगूत, आपल्याशी बोलणं हिंदीत. नियम तोंडपाठ आहेत आणि पैसे घेत नाही. त्यामुळे गावाची फार अडचण झाली आहे. तिनं मला खुर्ची दिली आणि समजावलं. जुन्या जागी, जुन्या मापाची, जुन्यासारखी खिडकी बसवली तर ती दुरुस्ती. एक साधा अर्ज पुरे. माप किंवा जागा बदलली तर ते नवीन बांधकाम. त्याला मंजुरी, नकाशा, सगळं. मी म्हटलं, माझी दुरुस्तीच आहे. ती म्हणाली, उत्तम, मग जुनी खिडकी कशी होती त्याचा पुरावा द्या. खिडकी तर बकऱ्यांखाली पडली होती आणि तिचे तुकडे द्वारकानं पाणी तापवायला वापरले होते. तेव्हा फोटो आणा, असं ठरलं.

दादा, आपल्या घरात फोटो कमी नाहीत. सगळी ट्रंक उपसली. तेव्हा लक्षात आलं की आपल्या घरातला प्रत्येक फोटो त्या खिडकीसमोरच काढलेला आहे, कारण उजेड तिथंच चांगला. आणि प्रत्येक फोटोत खिडकीसमोर कोणीतरी उभं आहे. बाबा उभे आहेत, आई उभी आहे, आमची साक्षी बारशाच्या टोपीत आहे. चाळीस वर्षांत खिडकी एकटी कधी सापडत नाही. शेवटी तुमच्या लग्नाचा फोटो निघाला. त्यात तुम्ही मधोमध आहात, कोटात, घामानं निथळताना, आणि तुमच्या उजव्या कानामागे खिडकीच्या पल्ल्याची चार बोटं रुंद पट्टी वरपासून खालपर्यंत दिसते. बिजागरीसकट. मी तो पंचायतीत नेला. सेक्रेटरीनं भिंग मागवलं. (पंचायतीत भिंग आहे, हे मला माहीत नव्हतं. पंचायतीलाही नव्हतं, ते जनगणनेच्या पेटीत निघालं.) तिनं तुमचा कान अडीच इंच धरला आणि त्यावरून खिडकीची उंची काढली. साडेतीन फूट आली. मी भोक मोजलं होतं, तेही साडेतीन. तुमचा कान सरकारी कामात इतका उपयोगी पडेल असं कोणाला वाटलं होतं? पण त्याच कानानं घात केला. बिजागरी बाहेरच्या अंगाला होती.

"सर, ये पल्ला तो बाहर खुलता है," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"बाहर की जमीन किसकी?"

"बड़े भाई की."

"फिर क्या टेन्शन सर. भाई का साइन लाओ. पाँच मिनट का काम है."

नियम असा आहे की खिडकीचा पल्ला उघडल्यावर दुसऱ्याच्या जागेवर गेला, तर त्या दुसऱ्याची लेखी संमती लागते. आमचा पल्ला उघडला की चौदा इंच तुमच्या हवेत येणार होता. सेक्रेटरीनं फाइलवर पेन्सिलनं टिपण केलं. त्यात तेलुगूत 'अन्ना', म्हणजे मोठा भाऊ, आणि पुढे पाच मिनिटं असं होतं. ती फाइल पुढे एक महिना टेबलावर राहिली. रोज सकाळी पंचायतीसमोरून जाताना मी दुसऱ्या बाजूला पाहायचो.

त्या महिन्यात मी पाच मिनिटं वाचवण्याचे बरेच प्रयोग केले. पल्ले आतल्या बाजूला उघडणारे केले तर संमती लागत नाही. पण मग पल्ला मशीनच्या चाकाला लागतो आणि उरलेला द्वारकाच्या कपाळाला. पुठ्ठ्याचा पल्ला करून मी हे तिला दाखवलं. कपाळाचा भाग तिनं आधीच ओळखला होता. मग न उघडणारी काच बसवावी, असं मी सुचवलं. उजेड आला, हद्द ओलांडली नाही. सेक्रेटरी लगेच म्हणाली, मंजूर. म्हणजे खिडकी कायम बंद राहणार असेल तर तिला कोणाचीच हरकत नव्हती. द्वारका म्हणाली, हवा काय तुम्ही फुंकून देणार का? सरकणाऱ्या अल्युमिनियमच्या खिडकीचाही विचार झाला. ती आपल्या हद्दीतच सरकते. पण ती अर्धीच उघडते. अर्ध्या खिडकीसाठी मी सहा वर्षं थांबली नाही, असं उत्तर मिळालं.

शेवटी बापूजी सुतारानं तोड काढली. बेल्लमपल्लीला कंपनीची जुनी क्वार्टर्स पाडली आहेत आणि त्यांचं सागवान एका ठेकेदारानं घेतलं आहे. त्या क्वार्टरच्या खिडक्यांना चार छोटे पल्ले असतात, वर दोन, खाली दोन, आत उघडणारे, अरुंद. (तुम्ही तीस वर्षं उघडलेत, तुम्हाला काय सांगायचं.) खालचे दोन बंद ठेवले तर मशीनला धक्का नाही, वरचे दोन उघडले तर हवा येते, आणि तुमच्या जागेत एक इंचही जात नाही. सागवान जुनं, उधई त्याला तोंड लावत नाही. मी भोकाचं माप सुतळीवर घेतलं, सुतळी खिशात घातली आणि निघालो.

बस उटनूरवरून मंचेरियलला जाते, तिथं बेल्लमपल्लीची बदलावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मंचेरियलच्या बसस्टँडवरून तुमचं घर दहा मिनिटांवर आहे, हे मला ठाऊक आहे. मग आला का नाहीस, असं तुम्ही विचारणार नाही, पण वहिनी विचारतील. बेल्लमपल्लीची बस अगदी सुटायला आली होती. मी चहा घेतला. ती सुटली. पुढचीही सुटायला आली होती. अशा तीन बसगाड्या सुटल्या. चौथीत बसलो.

ठेकेदाराचं यार्ड रेल्वेलाइनच्या पलीकडे आहे. दारं-खिडक्यांचे ढीग उभे करून ठेवलेले, एकाला एक टेकून. एका गल्लीचे रंग एका ढिगात. हिरवा, त्यावर पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा. एका ढिगात मला खिडकी दिसली. माझ्याकडची बाजू तेवढी मोकळी होती, बाकीचं इतर चौकटींमागे होतं. सुतळी लावली. उंची बरोबर, रुंदी बरोबर. सुताचाही फरक नाही. मी मास्तर माणूस. उत्तर बरोबर आलं की पुढची पायरी तपासत नाही. हीच द्या, असं म्हणालो, टेम्पो ठरवला आणि ड्रायव्हरशेजारी बसून आदिलाबादपर्यंतच्या रस्त्यावर त्याची मतं ऐकत आलो. घरी आल्यावर चौकट उतरवली. ती उतरतच राहिली. खिडकी संपली आणि तिच्या डाव्या अंगाला एक दार सुरू झालं.

क्वार्टरमध्ये दार आणि खिडकी एकाच चौकटीत असतात, ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती. वरचं लाकूड दोघांचं एक. मधला खांब दोघांचा एक. दार सहा फूट नऊ इंच, फळ्या जाड, खालून थोडं झिजलेलं. द्वारका पदराला हात पुसत बाहेर आली, तिनं चौकटीला एक फेरी मारली आणि विचारलं, "खिडकी आणाले गेल्ते ना तुमी?" खिडकी आहे, मी दाखवली. ती म्हणाली, हो, तीबी हाये.

बापूजीला म्हटलं, मधला खांब ठेव, दाराकडचा भाग कापून टाक. इथं सगळं अडलं. बापूजी उकिडवा बसला, त्यानं वरच्या लाकडावरून हात फिरवला आणि नाही म्हणाला. जोडलेल्या चौकटीला त्यांच्या घरात करवत लावत नाहीत. चौकट मोडायची असेल तर सांधे उकलून मोडतात, आणि हिचे सांधे लाकडी खुंटीचे, पन्नास वर्षांत एकजीव झालेले. उकलायला गेलं तर लाकूड फाटतं. "मास्तर, तुमी दुसऱ्याच्या हातानं कापून घ्या," तो म्हणाला, "मी तुमाले अडवत नाही. माह्या बापानं कापली नाही, मी कापत नाही." दुसरा सुतार पाहायला हवा होता. पण दुसरा सुतार म्हणजे बापूजीचा चुलतभाऊ, तिसरा म्हणजे त्याचा जावई. मी म्हटलं, विचार करतो. दुसऱ्या दिवशी हयातीच्या दाखल्यासाठी आदिलाबादला बँकेत जायचं होतं. ठसे उमटत नव्हते, त्यामुळे मी जिवंत असल्याचं सिद्ध व्हायला दुपार झाली. परत आलो तेव्हा भिंत जमिनीपर्यंत फोडलेली होती, चौकट ओळंब्यात उभी होती, आणि बापूजी कडेनं सिमेंट भरत होता. त्यानं मला पाहून हात थांबवला नाही. द्वारकाबाईनं सांगतलं, एवढंच म्हणाला. द्वारका मशीनवर होती. वरचे दोन पल्ले उघडे होते, सुईवर ऊन होतं, आणि तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी तिनं चार ब्लाउज काजं-बटणांसकट संपवले. मी भांडणार होतो. मशीनचा आवाज बरेच दिवसांनी ऐकत होतो, म्हणून आधी चहा मागावा असं ठरवलं.

दोन दिवसांनी सेक्रेटरी आली. कोणीतरी कळवलं असणार. गावात भिंत पडली की आवाज होतोच. तिनं चौकट पाहिली, फाइल पाहिली, तुमचा कान पाहिला. मग दार उघडलं आणि बाहेर तुमच्या जागेत जाऊन उभी राहिली. त्या दारातून बाहेर पडलेली ती पहिली. (बकऱ्या आत आल्या होत्या, पण बाहेर त्यांना आम्ही पुढच्या दारानं काढलं.) तिथून तिनं मला विचारलं, "सर, गाँव में बोलते भाई से बात नहीं. दुश्मन की तरफ इतना बड़ा दरवाज़ा कोई खोलता क्या?" मी खरं ते सांगितलं, की दार आम्ही खोललेलं नाही, ते खिडकीबरोबर आलं. तिनं ते अहवालात घेतलं आणि मला वाचून दाखवलं. तेलुगूत खिडकीला किटिकी आणि दाराला तलुपु म्हणतात. अहवालात किटिकी एकदा आली, तलुपु सात वेळा.

खिडकीची हरकत उरली नव्हती. तिचे पल्ले आत उघडतात. पण दार आत उघडो की बाहेर, दारातून माणूस निघतो आणि माणसाला कुठंतरी पाय ठेवावा लागतो. तो पाय तुमच्या जागेत पडणार. तेव्हा पंधरा दिवसांची नोटीस मिळाली आहे. त्या मुदतीत तुमच्या सहीचा कागद आला तर ठीक. नाही तर भोक विटांनी बुजवायचं. दारापुरतंच बुजवू का, मी विचारलं. चौकट एक, तर भोकही एक, असं ती म्हणाली. कापून वेगळी करा. मग मी तिला बापूजीच्या बापाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. तिचेही वडील सुतारच आहेत, असं निघालं. ती म्हणाली, मग तर नकोच कापायला.

त्याला आज सहा दिवस झाले. विटा आणून अंगणात ठेवल्या आहेत. द्वारका त्यांच्याकडे पाहत नाही; ती हाती घेतलेलं काम सरसर संपवते आहे, जणू कोणी दिवा काढून घेणार आहे. शाळेतल्या बाई पुन्हा आल्या. दोन बाह्या दोन हातांच्या झाल्या.

तर असं आहे. तुम्ही काही करावं म्हणून लिहिलेलं नाही. मोठ्या भावाच्या कानावर घरातली गोष्ट घालावी, इतकाच हेतू. गुडघ्यांना जपा. वहिनींना द्वारकाचा नमस्कार.

आपला धाकटा भाऊ,
दौलत

ता. क. सोबत एक अर्ज जोडला आहे. पेन्सिलनं फुली केली आहे तिथं सही करावी. फुली दोन ठिकाणी आहे. परतीचं पाकीट तिकिटासकट आत आहे, म्हणजे तुम्हाला बोलावंही लागणार नाही.

ता. क. दुसरं. अर्ज वाचलात तर तुमच्या लक्षात येईल की तो संमतीचा नाही. त्यात अर्जदार म्हणून तुमचं नाव आहे. तुमच्या भिंतीतली जुनी खिडकी काढून तिथं नवीन खिडकी आणि दार बसवण्याची परवानगी तुम्ही मागत आहात. हे असं का, ते वर लिहायचं राहून गेलं. अहवालाला नकाशा लागतो, म्हणून सेक्रेटरीनं त्या दिवशी प्लॉट मोजला. टेप पोलादी होती. एक टोक तिनं धरलं होतं, एक मी. चाळीस फुटांची जागा, निम्मे वीस तुमचे, वीस माझे. माझे वीस फूट भिंतीच्या आतल्या गिलाव्यापाशी संपतात. भिंत नऊ इंची आहे. ते नऊ इंच तुमच्याकडे आहेत. मी तिला पुन्हा मोजायला लावलं. तिनं तीन वेळा मोजलं. पोलादी टेप ताणत नाही. म्हणजे खोली माझी आणि भिंत तुमची. ती पहिल्यापासून तुमचीच होती. खिळेही मी तुमच्याच खिडकीत ठोकले होते. नियमाप्रमाणे अर्ज भिंतीच्या मालकानं करायचा असतो आणि शेजाऱ्यानं संमती द्यायची असते. शेजाऱ्याची, म्हणजे माझी, संमती सही करून सोबत जोडली आहे. माझी काही हरकत नाही. त्या दिवशी तुम्ही जेवून जायला हवं होतं, एवढं मात्र मी अजूनही म्हणेन.

ता. क. तिसरं. द्वारका पाकीट चिकटवू देत नाही म्हणून उरलेली जागा तिला देतो आहे.

भाऊजी, जयभीम. तुमच्याशी समोरासमोर बोलाची आपल्यात रीत नाही, म्हनून लिवून राह्यली. मास्तरनं पत्र मले वाचून दाखोलं. त्यात यार्डातलं लिवलं ते खोटं हाये. टेम्पोवाला चहा पेता पेता सांगून गेला. मास्तरनं दार पाह्यलं होतं. दोनदा उघडून लावून पाह्यलं, खालच्या झिजलेल्या फळीवर हात फिरवला, अन् मंग म्हने हेच द्या. म्या त्यायले काही म्हटलं नाही. तुमीबी म्हनू नका. नोटीस पुढच्या मंगळवारी सरते, विटा अंगनात हायेत, अन् मले आता पुन्हा अंधारात बसाचं नाही, ते तुमी पाहून घ्या. बापूजी काल इचारत होता, दाराले कडी आतून लावू का बाहेरून. म्या म्हटलं, भिंत ज्याची हाये तो आला की त्याले इचार. तोवर दाराले कडी नाही.